वाकलेला अंगठा आणि एक चुकीचे विशेषण

दोन वर्षांच्या मुलाच्या अंगठ्याचे टोकाचे पेर वाकलेले असते, सरळ होत नाही. मूल सहसा रडत नाही, खेळणेही थांबवत नाही. त्यामुळे घरच्यांच्या लक्षात ते उशिरा येते. मग 'कुठेतरी पडला असेल', 'हाड सरकले असेल' असे तर्क सुरू होतात. डॉक्टर मात्र अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूने चाचपून पाहतात. तिथे लहानशी गाठ लागली की निदान जवळजवळ झालेच. क्ष-किरण चित्राची सहसा गरज नसते.

फ्रेंच डॉक्टर अल्फोन्स नोत्ता यांनी १८५० मध्ये या गाठीचे वर्णन केले. अंगठा वाकवणारी कंडरा एका अरुंद बोगद्यातून सरकते. ती जाड झाली, की सुईच्या नेढ्यात दोऱ्याची गाठ अडकावी तशी बोगद्याच्या तोंडाशी अडकते. मोठ्या माणसांत अडकलेले बोट बंदुकीच्या चापासारखे खट्‌कन सुटते, म्हणून या विकाराला 'ट्रिगर' हे नाव पडले. मुलांच्या बाबतीत त्याला 'जन्मजात' हे विशेषणही चिकटले.

हा तर्क अगदीच निराधार नव्हता. नवजात बाळ अंगठा मुठीत मिटूनच ठेवते. दोष असला तरी दिसणार कसा? पण मूठ उघडून पाहता येते! अमेरिकेत स्लेकी आणि हेन्रिकस यांनी ४,७१९ नवजात बाळांचे अंगठे तपासले आणि १९९६ मध्ये निष्कर्ष मांडला: असा अंगठा एकाही बाळात नव्हता. जपानमध्ये किकुची आणि ओगिनो यांनी १,११६ बाळे तपासली. २००६ च्या त्यांच्या अहवालातही जन्मवेळची संख्या शून्यच होती. म्हणजे हा विकार जन्मानंतर उद्भवतो.

एका शब्दाने एवढा काय फरक पडतो? 'जन्मजात' म्हटले की आईवडील स्वतःला दोष देतात. शिवाय जन्मतःच अंगठा तळहातात वळलेला राहण्याचा एक वेगळा विकार आहे. त्यात अंगठा मुख्यतः मुळाच्या सांध्यात वाकतो आणि त्यावर लवकर पट्टी बांधून उपचार करावे लागतात. गाठीच्या अंगठ्याला मात्र बहुधा घाई नसते. २००८ मध्ये कोरियातील बेक आणि सहकाऱ्यांनी उपचार न केलेल्या ७१ अंगठ्यांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांपैकी ६३ टक्के आपोआप सरळ झाले, पण त्याला बरेचदा काही वर्षे लागली. उरलेल्यांसाठी बोगद्याचे तोंड मोकळे करणारी छोटी शस्त्रक्रिया असते.

पाठ्यपुस्तकात 'जन्मजात' हा शब्द आला, की वर्गात एक प्रश्न जरूर विचारावा: जन्मवेळी कोणी पाहिले होते का?