मशीन वाजलं म्हणून खोदायचं का?



मागच्या रविवारी दोन पोरं मोटारसायकलवर मळ्यात आली. पाठीला लांबडी पिशवी. म्हणाली, "काका, त्या टेकाडाकडच्या तुकड्यात मशीन फिरवू का? जे निघंल त्यात निम्मं तुमचं." पिशवीत मेटल डिटेक्टर होता. चहा पाजला आणि नाही म्हणालो. पोरं वाईट नव्हती. पण का नाही, ते उभ्या उभ्या सांगता आलं नाही. म्हणून आज लिहितो, थोडं लांबेल.

हे वेड कुठवर जातं ते २०२५ च्या मार्चमध्ये सगळ्यांनी बघितलं. फेब्रुवारीत 'छावा' सिनेमा आला. पाठोपाठ मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूर जिल्ह्यात, असीरगडाजवळच्या शेतात सोन्याची नाणी निघतात अशी आवई उठली. माणसं रात्री बॅटऱ्या, चाळण्या आणि डिटेक्टर घेऊन शेतात उतरली. बुऱ्हाणपूर हे मुघलांच्या टांकसाळीचं शहर, १६८१ साली मराठ्यांच्या फौजेनं ते लुटलं होतं, तेव्हा तिथं एखादं नाणं निघणं काही अशक्य नाही. पण ज्याचं शेत त्याच्या वाट्याला खड्डे आले. चाळलेली माती परत थरानं बसत नाही, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

आता मशीन काय करतं ते बघा. खालच्या चकतीत तारेचं वेटोळं असतं. त्यातून बदलता वीजप्रवाह जातो, त्याचं चुंबकी क्षेत्र जमिनीत उतरतं, आणि धातू असला की त्यात उलटा प्रवाह तयार होऊन मशीनला कळतो. बस एवढंच. एकटं नाणं साधारण सहा ते दहा इंचापर्यंत सापडतं, मोठं भांडं असलं तर त्याहून खाली. म्हणजे मशीन बघतं ते बहुतेक नांगरटीच्याच थरात. त्यात आपली काळी माती बेसाल्टची, तिच्यात लोहाचे कण, ते मशीनला उगाच बोलायला लावतात. वर बैलाच्या पत्र्या, त्यांचे खिळे, नांगराचे बोल्ट, तारेचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. दहा वेळा वाजलं तर नऊ वेळा आपलाच भंगार माल.

पण टेकाडाची गोष्ट वेगळी. आपल्याकडं पीक येतं ती काळी आणि गाव वसतं ती पांढरी. पांढरी म्हणजे शेकडो वर्षांची राख, शेण, हाडं, पडक्या भिंतींची माती. जुन्या लोकांना ती खत म्हणून ठाऊक होती, गाड्या भरभरून शेतात टाकायचे, धाब्याच्या घरावरही टाकायचे. माती परीक्षणात आपण स्फुरद बघतो ना, पुरातत्त्ववाले तोच स्फुरद बघून जुनी वस्ती कुठं होती ते ताडतात. राख, शेण आणि हाडानं तो वाढलेला असतो. म्हणजे नदीकाठी एखादा तुकडा खत न घालता जोर धरत असेल आणि तिथं खापरं निघत असतील, तर खाली गाव झोपलेलं असायची शक्यता आहे. पांढरीच्या किती टेकाडांची खत म्हणून वाट लागली, त्याची गणती नाही. त्यात आमच्या घराच्याही गाड्या होत्या.

१९८६ साली त्याच टेकाडाच्या पायथ्याला अण्णा बैलाच्या केणीनं सपाटी करत होते. मी दहावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. केणीला गाडगं लागून फुटलं, आत तांब्याची नाणी, चार किलोच्या आसपास. जाड, वेडीवाकडी, हिरवी पडलेली. काहींवर दोन आडव्या रेघा आणि मोडकं देवनागरी. तेव्हा कळलं नाही, आज सांगतो, त्या दुदांडी शिवराया होत्या. छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरू केलेलं शिवराई हे तांब्याचं नाणं पुढं पेशवाईत आणि त्याच्याही नंतर चालत राहिलं, दुदांडी ही त्यातली उशिराची जात. अण्णा घाबरले. "सरकारला कळलं तर जमीन घेतील," एवढंच म्हणाले. तिसऱ्या दिवशी बाजाराच्या गावी तांबटाकडं नाणी वजनावर मोडीत घातली आणि वर थोडे पैसे देऊन हंडा आणला. हंडा अजून घरात आहे. गाडग्याची खापरं बांधात गेली.

अण्णांना दोष देत नाही, त्यांच्या जागी मी असतो तर तेच केलं असतं. पण त्यात काय गेलं ते मला फार नंतर समजलं, जोगलटेंभीची गोष्ट वाचल्यावर.

जोगलटेंभी नाशिक जिल्ह्यात, सिन्नर तालुक्यात. १९०६ साली तिथं चांदीच्या नाण्यांचा एक साठा मिळाला, तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी क्षत्रप राजा नहपानाची. एका बाजूला त्याचा चेहरा, कडेनं ग्रीक अक्षरं, दुसऱ्या बाजूला ब्राह्मी आणि खरोष्ठी. पण त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसऱ्या राजानं परत ठसा मारलेला होता, तीन कमानींचा डोंगर आणि उज्जैनचं चिन्ह. तो राजा गौतमीपुत्र सातकर्णी. नाशिकच्या लेण्यात त्याच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे, त्यात तिच्या मुलानं क्षहरातांचं कूळ संपवल्याचं म्हटलंय. नहपान त्याच कुळातला. आईनं मुलाचं कौतुक केलं, ते खरं किती आणि वाढवून किती? जोगलटेंभीच्या नाण्यांनी साक्ष दिली. हरलेल्या राजाचा पैसा जिंकलेल्यानं वितळवत न बसता त्यावरच आपला शिक्का मारला आणि चालवला. ही साक्ष एका नाण्यानं झाली नसती. हजारो नाणी एका जागी होती आणि मोजली गेली म्हणून झाली. तीच दहा-दहा, वीस-वीस करून सोनारांच्या मुशीत गेली असती तर?

आता आमच्या प्रवरेकाठचं दायमाबाद, श्रीरामपूर तालुक्यात. ह्या टेकाडावर सव्वातीन-चार हजार वर्षांपूर्वी शेतकरीच राहत होते. १९५८ मध्ये जागा लक्षात आली आणि पहिलं उत्खनन झालं. पण ती जगाला माहीत झाली १९७४ मध्ये, आणि तीही शास्त्रज्ञामुळं नाही. भिल्ल समाजातला एक शेतकरी झाडाची मुळी खणत होता, तिथं चार वस्तू लागल्या. भरीव ब्रॉन्झच्या. हत्ती, गेंडा, म्हैस, आणि चौथी सगळ्यात देखणी, दोन बैल जुंपलेला रथ, वर उभा माणूस. रथ दीड फुटाच्या आसपास लांब. चारी मिळून वजन साठ किलोच्या वर. प्रवरेच्या काठी गेंडा! मी पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा बैलांच्या मानेकडंच बघत बसलो. ज्यानं ते घडवले त्यानं बैल हाकलेले असणार, नुसते बघितलेले नाही.

साठ किलो ब्रॉन्झ त्या काळात गरीब माणसाच्या हाताला लागलं आणि ते भट्टीत गेलं नाही, हे आपलं नशीब. पुढं पाच-सहा वर्षं पुरातत्त्ववाल्यांनी तिथं नीट खोदलं. थरावर थर निघाले, सगळ्यात वर जोर्वे संस्कृती, जिचं नाव आपल्या संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून पडलं. घरं निघाली, रंगीत मडकी निघाली. त्या चार मूर्ती उत्तर हडप्पा काळातल्या असाव्यात असं बऱ्याच अभ्यासकांचं मत. पण धातूत आर्सेनिकचं प्रमाण बघून काहींनी शंका काढली की त्या खूप नंतरच्या असतील. हा वाद मिटत का नाही? कारण वस्तू वर काढल्या गेल्या तेव्हा थर बघायला कुणी नव्हतं. मातीचा रंग कसला, शेजारी खापर कोणतं, राख होती का, यातलं काहीच लिहिलं गेलं नाही. त्या शेतकऱ्याची यात चूक नाही, तो मुळी खणत होता. पण कोणत्या थरातून, एवढी एक गोष्ट हातातून निसटली आणि मोठमोठे विद्वान अजून भांडतायत. मशीन घेऊन फिरणारा माणूस रोज नेमकी हीच गोष्ट मोडतो, आणि मुद्दाम मोडतो.

म्हणून मशीनच वाईट असंही नाही. इंग्लंडात सफोक परगण्यात हॉक्सन गाव आहे. १९९२ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका शेतकऱ्याची हातोडी शेतात हरवली. त्यानं ओळखीच्या माणसाला डिटेक्टर घेऊन बोलावलं. तो हातोडी शोधत होता आणि लागली रोमन काळातली सोन्याचांदीची नाणी. गड्यानं थोडं काढलं, पसारा मोठा आहे हे दिसलं तसं खोदणं थांबवलं आणि कळवून टाकलं. दुसऱ्या दिवशी पुरातत्त्ववाल्यांनी बाकीचा साठा जसाच्या तसा मोकळा केला. पंधरा हजारांच्या आसपास नाणी, दोनशेक सोन्याचांदीच्या वस्तू, त्यात मिरपूड ठेवायची चांदीची भांडी. (मिरी आपल्याच मलबारची, रोमला इथूनच जायची.) जागच्या जागी काढल्यामुळं कळलं की हे सगळं लाकडी पेटीत, आत लहान डब्यांत नीट रचून, कुलपं लावून पुरलेलं होतं. पेटी कुजून गेली होती, पण वस्तूंच्या मांडणीवरून ती दिसली. शोधणाऱ्याला साडेसतरा लाख पौंड मिळाले, त्यानं शेतकऱ्याला वाटा दिला. हातोडीपण सापडली, तीही आता संग्रहालयात आहे.

आपल्याकडं कायदा नाही असं समजू नका. १८७८ चा निखात निधी कायदा अजून चालू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवायचं, काय, किती, कुठं, कधी. चौकशीत मूळ मालक निघाला नाही तर वस्तू सापडवणाऱ्याची आणि जमीनमालकाची. दोघांत काही ठरलं नसेल तर तीन हिस्से सापडवणाऱ्याला, एक हिस्सा मालकाला. म्हणजे पोरांनी मला निम्मं देऊ केलं ते कायद्यापेक्षा जास्तच होतं म्हणा! सरकारला वस्तू ठेवून घ्यायची असेल तर धातूच्या किमतीवर पाचवा हिस्सा वाढवून पैसे द्यावे लागतात. नाही कळवलं तर मात्र हिस्सा जातो आणि वर एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. जमीन काढून घेण्याबद्दल त्यात काही नाही. अण्णांना हे कुणी सांगितलंच नाही. धातूवर पाचवा हिस्सा ही भरपाई आजच्या काळात फार तोकडी आहे हेही खरं. जुनं नाणं बाजारात धातूच्या कित्येक पट जातं, म्हणून माणूस गप्प बसतो. हे बदलायला पाहिजे असं माझं मत आहे. शंभर वर्षांवरच्या वस्तू परवान्याशिवाय विकायच्या धंद्याला १९७२ चा कायदा आहे, आणि संरक्षित जागेवर परवानगीशिवाय खोदणं हा गुन्हाच आहे.

आपण खरं नुकसान करतो ते न खोदताच. बैलाचा नांगर पाच-सहा इंच जायचा, ट्रॅक्टरचा फुटाला टेकतो. एकदा गाडगं फुटलं की रोटाव्हेटर दोन हंगामात नाणी सगळ्या वावरात पसरवतो. वर आपण म्युरेट ऑफ पोटॅश टाकतो. त्यातलं क्लोराईड तांब्याला, ब्रॉन्झला लागलं की आतून हिरवी भुकटी होत जाते. टेकाडालगतच्या पट्ट्यात मी आता खोल नांगरट करत नाही आणि पालाश सल्फेटमधून देतो, महाग पडतं पण पट्टा लहान आहे. आणि नाणं सापडलं तर चिंच लावून घासू नका. आंबट लागलं की हिरव्या थराबरोबर अक्षरंही जातात. कोरडं करून कागदात ठेवा, फोटो काढा, अर्ज दिला की पोच घ्या.

त्या पोरांचा परवा फोन आला, "काका, विचार केला का?" म्हणलं, मशीन ठेवून या, खापरं वेचायला मदत करा. या रविवारी येतो म्हणालेत. हरभरा काढल्यावर बांधाच्या कडेनं मला लाल-काळी खापरं मिळाली होती, ती एका गोणीत भरलीत. गोणीवर गट नंबर, तारीख, आणि बांधापासून किती पावलं ते खडूनं लिहिलंय. खडू पुसतो, पोरांना पक्क्या शाईचा पेन आणायला सांगितलाय.