यह्या : नावाचा अर्थ, उगम आणि लिहिण्याची रीत

यह्या हे हजरत जकरिया अलैहिस्सलाम यांच्या मुलाचं नाव, आणि तेही नबी. कुरआनात हे नाव पाच ठिकाणी येतं. मुंब्रा, कौसा, कल्याणकडचे पालक हे नाव ठेवायच्या आधी दोन प्रश्न हमखास विचारतात. अर्थ काय? आणि हे ख्रिश्चनांचं 'जॉन' तर नाही ना?

अर्थ सोपा आहे. अरबीत यह्या म्हणजे 'तो जगतो', 'जिवंत राहतो'. आपल्याकडे पेन्शनर दरवर्षी 'हयातीचा दाखला' देतात, त्यातला 'हयात' याच धातूचा. म्हाताऱ्या वडिलांनी दुआ मागितली, आई वांझ समजली जात होती, आणि अल्लाहने मुलाबरोबर नावही दिलं. अशा घरात 'जगणारा' हे नाव किती शोभतं बघा.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : व्यक्ती तीच, नावाचं रूप वेगळं. हिब्रूत ते योहानान, म्हणजे 'ईश्वराने कृपा केली'. ग्रीकमधून पुढे जाता जाता त्याचं पोर्तुगीजमध्ये जुआंव, रशियनमध्ये इव्हान, इंग्रजीत जॉन झालं. मराठी बायबलमध्ये 'बाप्तिस्मा करणारा योहान' म्हणतात तेच आपले हजरत यह्या. ठाण्यात तलावपाळीजवळचं सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्च त्यांच्याच नावाचं. गोव्यात २४ जूनला फुलांचे मुकुट घालून लोक विहिरीत उड्या मारतात, तो सांजांवचा सणही त्यांच्या जन्माचा. मात्र प्रत्येक 'सेंट जॉन' म्हणजे यह्या नव्हेत. हजरत ईसा यांचे एक शिष्यही योहान होते, आणि बऱ्याच शाळा त्यांच्या नावावर आहेत.

अरब ख्रिश्चन आजही 'युहन्ना' म्हणतात. मग आपल्याकडे यह्या कसं? काही पाश्चात्य अभ्यासक सांगतात की जुन्या अरबी लिपीत नुक्ते नसत, त्यामुळे दोन्ही नावं सारखी दिसत. मला हे पटत नाही. कुरआन कागदावरून नाही, तोंडी पठणातून पोहोचला. तिथे नुक्त्याचा घोटाळा कसा होईल?

खरी गंमत सूरह मरियमच्या १३व्या आयतीत आहे. अल्लाहने यह्यांना आपल्याकडून 'हनान', म्हणजे माया, कोमलता दिली असं तिथे येतं. संपूर्ण कुरआनात हा शब्द फक्त इथेच आहे. आणि योहानानमधला 'हानान' याच धातूचा! म्हणजे नाव अरबी 'जगण्याचं', पण हिब्रू नावातली कृपा काही आयतींनंतर शेजारी ठेवलेली.

याच सूरहमध्ये म्हटलंय की या नावाचा कुणी आधी केला नव्हता. पण यिर्मयाच्या काळात कारेहाचा मुलगा योहानान होता, मग? मुफस्सिरांनी तिथल्या अरबी शब्दाचे दोन अर्थ दिलेत : 'त्याच नावाचा' आणि 'त्याच्या तोडीचा'. पहिला अर्थ घेतला तरी अडचण नाही, 'यह्या' हे रूप वेगळंच आहे. लूकच्या इंजीलमध्येही नातेवाईक म्हणतात की तुमच्या कुळात हे नाव कुणाचं नाही.

दमिश्कच्या उमय्या मशिदीत त्यांची मजार दाखवतात. २००१ मध्ये पोप जॉन पॉल दुसरे तिथे गेले. मशिदीत पाऊल ठेवणारे ते पहिले पोप, आणि त्यांच्या नावातही हेच नाव.

आता लिहिण्याचं. उर्दूत शेवटी 'ये' आणि वर खडा जबर असतो, म्हणून उच्चार 'आ', मूसा-ईसासारखा. हे माहीत नसलं की 'यहिया', 'याहिया' होतं. पहिला य ऱ्हस्व, आणि 'ह्य' सह्याद्रीतला. 'याह्या' लिहिलं तर वर्गात पोरं 'या, ह्या, त्या' करून चिडवतात, हे शिक्षक म्हणून सांगते. मराठीत 'यह्या' लिहा. रोमन लिपीत वाय, ए, एच, वाय, ए. मध्ये आय घालू नका.

हे स्पेलिंग महापालिकेच्या जन्मनोंदीतच पक्कं करा. नोंदणीपासून वर्षभरात बाळाचं नाव विनाशुल्क घालता येतं, नंतर विलंब शुल्क लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांचा जन्मदाखला शाळाप्रवेशापासून पासपोर्टपर्यंत जन्मतारखेचा मुख्य पुरावा आहे, आणि आधार, रेशनकार्डावर त्यातलंच अक्षर न् अक्षर उतरलं पाहिजे. दाखला हातात आला की खिडकीवरच उभं राहून वाचा.