रेचल रॉबिन्सन : ‘साथ’ या शब्दाआड

थोर पुरुषांच्या चरित्रांत ‘पत्नीची मोलाची साथ लाभली’ हे वाक्य इतक्या वेळा येते की वाचताना आपली नजर त्यावर थांबतच नाही. त्या वाक्याआड काय दडलेले असते, हे पाहण्यासाठी आम्ही येथे अमेरिकन बेसबॉलच्या इतिहासातील एक उदाहरण घेत आहोत.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथील प्रमुख व्यावसायिक संघांची दारे कृष्णवर्णीय खेळाडूंना बंद होती. ती उघडण्याच्या हेतूने ब्रुकलिन डॉजर्स संघाचे ब्रँच रिकी यांनी ऑगस्ट १९४५ मध्ये जॅकी रॉबिन्सन यांना बोलावून घेतले. कितीही अपमान झाला तरी प्रत्युत्तर द्यायचे नाही, ही त्यांची अट सर्वश्रुत आहे. त्याच भेटीत त्यांनी जॅकींना कोणी मैत्रीण आहे का, असेही विचारले होते आणि लग्न करण्याचा सल्ला दिला होता. हे मात्र फारसे सांगितले जात नाही. एवढा संयम एकट्या माणसाला पेलणारा नाही, हे व्यवहारी रिकींनी ताडले असावे.

रेचल आयझम या नर्सिंगच्या पदवीधर. १० फेब्रुवारी १९४६ रोजी विवाह झाला आणि महिनाअखेरीस हे जोडपे लॉस एंजेलिसहून फ्लोरिडातील सराव शिबिराकडे निघाले. सासूबाईंनी वाटेत खाण्यासाठी तळलेली कोंबडी बुटांच्या खोक्यात भरून दिली होती. नव्या सुनेला त्या खोक्याचा संकोच वाटला. न्यू ऑर्लिन्सला दोघांना विमानात जागा नाकारण्यात आली, उपाहारगृहात बसून जेवता येईना, तेव्हा तो खोकाच कामी आला. तेथील विमानतळावर रेचल ‘गोऱ्या स्त्रियांसाठी’ अशी पाटी असलेल्या प्रसाधनगृहात सरळ शिरल्या होत्या, हेही नोंदवले पाहिजे. पुढे पेन्साकोलाला पुन्हा विमानातून उतरवले गेले. उरलेला प्रवास बसने, तोही मागच्या बाकांवर. जॅकी गप्प राहिले. रेचल अंधारात रडल्या. करारावर सही एकट्या जॅकींची होती, पण अट दोघांनाही लागू झाली होती. आमच्या मते रॉबिन्सनपर्वाचा आरंभ १५ एप्रिल १९४७ च्या त्या गाजलेल्या सामन्यात नव्हे, तर या बसमध्ये शोधावयास हवा.

त्या सामन्याला रेचल पाच महिन्यांच्या मुलाला घेऊन गेल्या होत्या. इतिहासकार त्या दिवसाच्या धावा मोजतात. थंडीत तान्ह्या बाळाचे दूध गरम कसे ठेवायचे, हा त्या माउलीपुढचा प्रश्न त्यांच्या हिशेबात येत नाही. असो.

जॅकींनी जानेवारी १९५७ मध्ये निवृत्ती जाहीर केल्यावर रेचल यांनी मनोरुग्ण परिचर्येत पदव्युत्तर शिक्षण घेतले. पत्नीने नोकरी करणे जॅकींना प्रारंभी रुचले नव्हते. ज्याने एका देशाची रूढी मोडली, त्याला घरातली मोडवेना! तरीही १९६५ मध्ये त्या येल विद्यापीठात अध्यापन करू लागल्या. जॅकी १९७२ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे प्रतिष्ठान रेचल यांनी उभे केले.

१९९६ साली त्यांचे सचित्र पुस्तक आले. ‘जॅकी रॉबिन्सन : अ‍ॅन इंटिमेट पोर्ट्रेट’ या शीर्षकात नाव एकट्या पतीचे आहे. येथे आम्हांस रमाबाई रानडे आठवतात. त्या आपल्या लेखनात पतीलाच पुढे ठेवतात, हे आपण वर्गात सांगतोच. परंतु १९१० च्या त्यांच्या पुस्तकाचे नाव ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ असे आहे, आणि त्या ‘आमच्या’पाशी आपण वर्गात क्वचितच थांबतो.