आडनाव संपले, वंश चालू राहिला : क्वेबेकच्या एबेर घराण्याचा शोध

श्रोतेहो, आज आपण एका घराण्याचा माग काढणार आहोत. कॅनडातल्या क्वेबेक प्रांतात एबेर आडनावाची माणसं आजही पुष्कळ आहेत. त्यातल्या एखाद्याला सहज वाटू शकतं की, १६१७ साली बायकामुलांसह येऊन तिथे शेती करणारा लुई एबेर हाच आपला मूळपुरुष. पण बापाच्या बाजूने कितीही वर चढत गेलं तरी आज कोणीच लुईपर्यंत पोचत नाही. असं का, ते पाहू.

लुई हा पॅरिसचा. त्याचे वडील औषधं बनवणारे, तोही तेच शिकला. अकेडियातल्या पोर्ट रॉयल वसाहतीत तो आधी राहून आला होता. ती वसाहत इंग्रजांनी १६१३ मध्ये जाळली. पुढे शांप्लेनच्या सांगण्यावरून तो क्वेबेकला निघाला. बरोबर पत्नी मारी रोले आणि आन, गियोमेत, गियोम ही तीन मुलं. कंपनीने कबूल केलेला पगार ऐन निघायच्या वेळी निम्म्यावर आणला. पॅरिसची घरवाट मागे सोडून आलेला माणूस, परत जाणार कुठे? सही करून तो जहाजात चढला.

१६२७ च्या जानेवारीत लुई वारला. थोरली आन त्याच्या आधीच बाळंतपणात गेली होती. मुलगा गियोम १६३९ मध्ये गेला. त्याचा मुलगा झोझेफ, म्हणजे लुईचा नातू, १६६१ मध्ये इरोक्वा लोकांच्या हाती सापडला आणि मारला गेला. झोझेफचा मुलगाही लहानपणीच दगावला. अशी लुईची पुरुषशाखा खुंटली. मग आजचे एबेर कुठले? तर ते दुसऱ्या एबेरांचे. उदाहरणार्थ, अकेडियात स्थायिक झालेले आंत्वान आणि एतियेन हे बंधू.

पण वंश काही संपला नाही बरं का! गियोमेतने १६२१ मध्ये गियोम कुइयारशी लग्न केलं, तिला दहा मुलं झाली. झोझेफची बहीण फ्रान्स्वाज हिचाही विस्तार मोठा. फ्रेंच क्वेबेकमधल्या असंख्य घरांत लुई आणि मारीचं रक्त आहे, पण ते आलं लेकींकडून.

आता हे कळतं कसं? तिथल्या चर्चच्या नोंदींत आणि विवाहकरारांत स्त्रीचं माहेरचं नाव कायम राहतं. म्हणून लेकीच्या बाजूने वाट सापडते. अर्थात कागदालाही मर्यादा असतात. १६४० मध्ये क्वेबेकच्या चर्चला आग लागली, जुन्या नोंदवह्या जळाल्या आणि मागच्या नोंदी लोकांच्या आठवणीवरून पुन्हा लिहाव्या लागल्या. म्हणजे आपण ज्याला पुरावा म्हणतो, त्याचा काही भाग हा कुणीतरी आठवून सांगितलेला आहे.

आणखी एक माणूस याच घरात होता. ओलिव्हिए ल झन नावाचा मुलगा. मादागास्करकडचा समजला जाणारा हा पोरगा इंग्रजांनी गुलाम म्हणून आणला, विकला गेला आणि शेवटी कुइयारांच्या घरी आला. १६३३ मध्ये त्याचा बाप्तिस्मा झाला, १६५४ मध्ये तो वारला. त्याच्या आईबापांची नावं कोणत्याच वहीत नाहीत. एकाच छपराखाली राहणाऱ्या माणसांपैकी काहींचे वंशज आज मोठ्या अभिमानाने मूळपुरुष सांगतात, आणि या मुलाला मागेही कोणी नाही, पुढेही कोणी नाही. घराण्याचा इतिहास लिहायचा तर त्यालाही त्या घरात धरायला हवं, असं आम्हाला वाटतं.

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं. एखादी वस्तू बदलत गेली तरी 'तीच' कशी राहते, हा प्रश्न वर्गात कितीदा मांडला असेल! पण आमच्या स्वतःच्या कुलवृत्तान्तात पणजीच्या जागी नुसतं 'पत्नी' लिहिलंय, हे फार उशिरा लक्षात आलं. आपल्याकडे लग्नात आडनाव बदलतं, कित्येक घरांत पाळण्यातलं नावही बदलतं. मग लेकीची वाट शोधायची कुठे?

तेव्हा आज घरी गेलात की एक करा. आजीच्या आईचं माहेरचं नाव आणि गाव विचारा. सांगणारं माणूस अजून घरात असेल, तर लगेच लिहून ठेवा.