सायकलीची तुटक वाट

मार्ग कशास म्हणावा, हा प्रश्न वरवर पाहतां पोरकट वाटेल. रस्ता बांधणारा त्याची लांबी सांगेल, रुंदी सांगेल आणि खर्चाचा आंकडाहि सांगेल. वाटसरूस मात्र एकच गोष्ट कळते : ही वाट मला घरीं पोंचविते कीं नाहीं? जी वाट निम्म्यावर सोडून देते ती कितीहि गुळगुळीत असली तरी तिला वाट म्हणणें हें निव्वळ शब्दाचें औदार्य होय. शहरांतील सायकलमार्गांचा गेल्या सव्वाशें वर्षांचा इतिहास चाळला म्हणजे हें औदार्य जगांत फार ठिकाणीं दाखविलें गेलें आहे असें दिसून येतें. त्या इतिहासांतून एक बोध निघतो, व तो पुण्यासारख्या शहरास विशेष लागू पडतो; म्हणून तो वाचकांपुढें ठेवण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुणें हें एके काळीं सायकलींचें शहर म्हणून देशभर ओळखलें जात असे. ही ओळख कोणा नगरपित्यानें ठरवून दिलेली नव्हती. ती शहराच्या ठेवणींतूनच आली होती. पेठा एकमेकींना लागून, चढउतार बेताचे, हवा बरी, आणि वस्ती मध्यम मिळकतीची. टांगा रोज परवडावयाचा नाहीं, आणि पायीं जावें तर कॉलेज दूर. आरंभीं जिला लोक पायगाडी म्हणत ती सायकल अशा ठिकाणीं न रुजती तरच नवल! खडकीच्या दारूगोळ्याच्या कारखान्याकडे निघालेले कामगार, कॉलेजांचे विद्यार्थी, शाळांतील शिक्षक-शिक्षिका, दूधवाले, पोस्टमन हे सारे एकाच वाहनावर बसत, आणि सकाळच्या वेळीं रस्त्यावर साहेब कोण व शिपाई कोण हें सायकलीवरून तरी ओळखूं येत नसे. तासाच्या भाड्यानें सायकल देणारीं दुकानें गल्लोगल्लीं होतीं. सायकलवाल्याकडे कायद्याचेंहि लक्ष होतें : कर भरून बिल्ला लावावयाचा, आणि रात्रीं दिवा नसला किंवा मागें दुसऱ्यास बसविलें तर पोलिसापुढें उभें राहावयाचें. स्वतंत्र मार्ग मात्र त्यास कोणीं दिला नव्हता, व त्यास तो नकोहि होता. कारण सगळा रस्ताच त्याचा होता.

पुढें शहर पसरलें. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें आणि नदीकांठचीं हजारों कुटुंबें उठून दूरच्या नव्या वसाहतींत गेलीं. पिंपरी-चिंचवडकडे कारखाने उभे राहिले. घर आणि काम यांतील अंतर सायकलीच्या बेताबाहेर जाऊं लागलें. त्याच सुमारास आकुर्डीस स्कूटर तयार होऊं लागल्या, आणि नांव नोंदवून वर्षानुवर्षें वाट पाहणाऱ्या मध्यम वर्गानें स्कूटर दाराशीं येतांच सायकल जिन्याखालीं ठेवून दिली. सायकल कोणी बंद केली नाहीं. ती हळूहळू गरिबाची, मुलाची आणि नाइलाजाची झाली. ज्याच्या पाठीशीं प्रतिष्ठा नाहीं त्याची रस्त्यावरची जागा आपोआप आकसते, हा नियम येथेंहि खरा ठरला.

या ओढाताणींत सायकलमार्गाचा विचार पुढें आला तो या शतकाच्या पहिल्या दशकांत. डिसेंबर २००५ मध्यें केंद्र सरकारनें शहरांच्या नवीकरणाची योजना सुरू केली. २००६ सालीं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर झालें. वाहनें हलविण्यापेक्षां माणसें हलविण्याकडे लक्ष द्यावें, हें त्याचें मुख्य तत्त्व होतें. त्याच वर्षाच्या अखेरीस पुण्यांत सातारा रस्ता व सोलापूर रस्ता यांवर जलद बसमार्ग सुरू झाला, आणि कडेनें सायकलींसाठीं पट्टे आंखले गेले. पुढें इतर रस्त्यांवरहि असे पट्टे झाले. हेतु उत्तम होता, पैसाहि होता. मग उणें काय राहिलें?

तें उणें नकाशावर दिसत नाहीं. सायकलीवर बसल्याखेरीज तें कळावयाचें नाहीं. अशा मार्गांवरून आम्ही अनेकदां गेलों आहों. रस्त्याचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. एक पाहिला म्हणजे पुष्कळ पाहिल्यासारखे आहेत. आरंभ मोठा आशादायक असतो. तांबूस रंगाची फरसबंदी, तीवर पांढऱ्या रंगानें काढलेलें सायकलीचें चित्र, एका बाजूस झाडांची सावली. शंभर-दोनशें पावलें गेलें कीं मार्गाच्या ऐन मधोमध एक झाड उभें असतें. तें अर्थातच मार्गापूर्वींचें, तेव्हां दोष त्याचा नव्हे. पुढें विजेची पेटी, त्यापुढें बसचा थांबा, आणि थांब्यावर सायकलकडे पाठ करून उभे असलेले उतारू. प्रत्येक बंगल्याच्या फाटकाशीं मार्ग खालीं उतरतो व पुन्हा वर चढतो. दहा फाटकें ओलांडलीं म्हणजे दहा खड्ड्यांचें पुण्य पदरीं पडतें. इतक्यांत चौक येतो, आणि मार्ग संपतो. संपतो म्हणजे वीतभर उंचीच्या कडेच्या दगडावरून सरळ रहदारींत उतरतो. पुढें कोठें जावयाचें हें सांगणारी पाटी नसते. मार्ग चौकापलीकडे याच बाजूस पुन्हा सुरू होतो कीं समोरच्या, हें ज्याचें त्यानें ताडावयाचें. पूल आला तर पुलावर कांहींच नसतें, आणि पूल उतरून बऱ्याच अंतरावर, तोहि उजव्या हातास, तोच तांबूस पट्टा पुन्हा दृष्टीस पडतो. तो गांठावयाचा तर भर रस्ता ओलांडावा किंवा उलट्या दिशेनें जावें, याखेरीज तिसरा उपाय नाहीं.

यांतील खरी गोम नीट ध्यानांत घेण्यासारखी आहे. जेथें रस्ता रुंद व रहदारी विरळ तेथें मार्ग आहे. जेथें रस्ता अरुंद, वळण अवघड आणि वाहनांची दाटी तेथें तो नाहीं. म्हणजे आधार नको तेथें आधार आणि हवा तेथें तो काढून घेतलेला, असा हा प्रकार आहे. इतकेंच नव्हे, तर मुळापासून रहदारींतून चाललेला सायकलवाला सावध असतो व मोटारवाल्यांच्या नजरेंतहि असतो. झाडांच्या व पेट्यांच्या आडून चाललेला सायकलवाला मात्र चौकांत एकाएकीं बाहेर पडतो, आणि बस हांकणाऱ्यास तो दिसतो तो अगदीं ऐन वेळीं. तुटका मार्ग हा अर्धा मार्ग असतो असें नव्हे. कित्येकदां तो मुळीं नसल्यापेक्षांहि घातक असतो.

हा दोष पुण्याचाच आहे असें मानूं नये. सायकलींच्या वाटेचा जन्मच तुटक झाला आहे. अमेरिकेंत कॅलिफोर्निया प्रांतीं पासाडेना येथें होरेस डॉबिन्स या धनिक गृहस्थानें तेथून लॉस एंजेलिसपर्यंत नऊ मैलांचा लांकडी उन्नत सायकलमार्ग बांधावयास घेतला. हिरवा रंग दिलेला, विजेच्या दिव्यांनीं उजळलेला आणि जकात देऊन वापरावयाचा हा मार्ग १ जानेवारी १९०० रोजीं खुला झाला. पण तयार झाला तो मैल-सव्वामैलच. जो मार्ग दुसऱ्या गांवास पोंचत नाहीं त्यावर जकात कोण भरणार? थोड्याच वर्षांत लांकूड मोडून विकलें गेलें, आणि त्याच्या मूळ आंखणीच्या कांहीं भागावरून पुढें मोटारींचा महामार्ग गेला.

याहून बोधप्रद हकीकत लंडनची आहे. १९३४ सालीं ब्रिटनमध्यें रस्त्यांवरील अपघातांत ७,३४३ माणसें मेलीं. या संहारास आळा घालण्याचा एक उपाय म्हणून त्या वर्षाच्या डिसेंबरांत, लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या हमरस्त्याच्या दोन्ही कडांनीं बांधलेल्या सायकलमार्गाचें वाहतूकमंत्री लेस्ली होर-बेलिशा यांनीं उद्घाटन केलें. लांबी अडीच मैल, रुंदी साडेआठ फूट. सायकलवाले आनंदानें पुढें येतील अशी अपेक्षा होती. ते विरोधास उभे राहिले! त्यांच्या जुन्या संघाचें म्हणणें असें कीं, हा मार्ग आमच्या सुखासाठीं नसून मोटारींना रस्ता मोकळा करून देण्यासाठीं आहे. आज मार्ग दिला, उद्यां त्यावरूनच जाण्याची सक्ती होईल. ही भीति अगदींच निराधार नव्हती, कारण जर्मनींत तशी सक्ती त्याच वर्षीं कायद्यांत आली. शिवाय प्रत्येक आडव्या रस्त्याशीं मार्ग खंडित होई, आणि तेथें थांबावयाचें तें सायकलवाल्यानेंच. युद्धापूर्वीं सरकारी अनुदानानें असे आणखी मार्ग झाले. युद्धानंतर त्यांची वास्तपुस्त कोणीं घेतली नाहीं. कोठें गवत चढलें, कोठें मोटारी उभ्या राहूं लागल्या, आणि पुष्कळ ठिकाणीं हे मुळीं सायकलमार्ग होते हेंहि लोकांच्या स्मरणांतून गेलें.

लंडनच्या त्या वादांत आमच्या विषयाचें मर्म आहे. सायकलमार्ग दोन हेतूंनीं बांधतां येतो : सायकलवाल्यास वाटेंतून दूर करण्यासाठीं, किंवा त्यास इष्ट स्थळीं पोंचविण्यासाठीं. वरून दोन्ही सारखेच दिसतात. परंतु पहिला जेथें मोटारीस अडचण होऊं लागते तेथें थांबतो, आणि दुसऱ्यास थांबतांच येत नाहीं. मार्ग कोठें तुटतो हें पाहिलें म्हणजे तो कोणासाठीं बांधला हें विचारावें लागत नाहीं.

दुसऱ्या हेतूचें उदाहरण हॉलंडनें घालून दिलें, पण तेंहि एकदम नव्हे. १९७१ सालीं त्या चिमुकल्या देशांत रस्त्यांवर ३,००० हून अधिक माणसें मेलीं, त्यांत ४०० हून अधिक मुलें होतीं. आईबाप रस्त्यावर उतरले. सरकारनें १९७५ च्या सुमारास हेग व टिलबर्ग या दोन शहरांत नमुन्यादाखल एकेक सुरेख सायकलमार्ग बांधला. परिणाम तपासला तेव्हां असें दिसलें कीं, शेजारच्या गल्ल्यांतील सायकली त्या मार्गावर आल्या, पण शहरांतील एकंदर सायकलवाले फारसे वाढले नाहींत. तेव्हां डेल्फ्ट या गांवानें निराळा विचार केला. १९७९ च्या आराखड्याप्रमाणें तेथें एक भव्य मार्ग न करतां सबंध गांवाचें जाळें विणण्यांत आलें : शहराचे मुख्य मार्ग चारशें ते सहाशें मीटरांवर, मोहल्ल्यांचे त्याहून जवळ, आणि गल्लीबोळांचे त्याहूनहि जवळ. खर्चाचा रोख लांबी वाढविण्याइतकाच तुटलेले दुवे सांधण्याकडे होता. कोठें लहानसा पूल, कोठें रस्त्याखालून भुयार. असें झालें तेव्हां सायकलींचा वापर वाढला. दोर पुरेसा लांब असल्याशिवाय घागर पाण्यास टेंकत नाहीं, हें डेल्फ्टनें दाखवून दिलें.

पाट्यांची कथाहि त्याच देशाची. १८८३ सालीं स्थापन झालेल्या तेथील सायकलस्वारांच्या संघानें १८९४ पासून स्वतःच दिशादर्शक पाट्या उभारावयास आरंभ केला, आणि १९१९ पासून आडवाटांवर भूछत्राच्या आकाराचे ठेंगणे दगड बसविले. सायकलवाल्यास खालीं पाहून वाचतां यावें म्हणून ते ठेंगणे. शेजारच्या बेल्जमांत १९९० नंतरच्या दशकांत ह्यूगो बोलन या खाणींतील अभियंत्यानें प्रत्येक तिठ्या-चौकास क्रमांक देण्याची युक्ति काढली. क्रमांकांची यादी खिशांत टाकली कीं परक्या मनुष्यानेंहि कोणास न विचारतां जावें. पाटी ही वरकरणी क्षुल्लक वस्तु. परंतु ती नवख्याचा केलेला विचार असते. नित्याचा वाटसरू पाटीवांचून जातो. पाटी नसल्यानें अडतो तो पहिल्यानेंच सायकल काढणारा, म्हणजे ज्यास आपण बोलावीत आहों तोच.

पुण्यांत २०१७ च्या अखेरीस सबंध शहराचा सायकल-आराखडा मंजूर झाला, आणि त्याच सुमारास भाड्याच्या नव्या सायकलीहि रस्त्यावर आल्या. त्या सायकली कांहीं वर्षांतच दिसेनाशा झाल्या. आराखड्यांतील जाळें अद्याप अखंड झालेलें नाहीं. यावर पुष्कळ सुज्ञ गृहस्थ म्हणतात, "मार्ग बांधले, पण सायकलवाले आहेत कोठें? रिकाम्या जागेंत मोटारी उभ्या राहिल्या तर बिघडलें काय?" त्यांस आमचें उत्तर इतकेंच कीं, आड खोल आणि दोर तोकडा असतां आडांत पाणी नाहीं असा निर्णय देऊं नये. अरुंद रस्ते, थोडा पैसा आणि पथारीवाल्यांचें पोट या अडचणी खऱ्या आहेत, हें आम्हांस मान्य आहे. पण थोडाच पैसा असेल तर तो नवा तुकडा बांधण्यापेक्षां दोन जुने तुकडे जोडण्याकडे आधीं लावावा, हेंच हिशेबी शहाणपण नव्हे काय?

शेवटीं हा प्रश्न हौशी लोकांच्या फेरफटक्याचा नाहीं. ज्यास पर्याय आहे त्यानें सायकल केव्हांच सोडली. आज भल्या पहाटे वर्तमानपत्रें टाकणारा मुलगा, रात्रपाळी संपवून परतणारा पहारेकरी, बांधकामावर जाणारा गवंडी आणि शाळेंत जाणारी मुलगी हीं अजून सायकलीवर आहेत, व तीं त्याच चौकांतून जातात जेथें मार्ग त्यांचा हात सोडतो. सायकलमार्ग इतके किलोमीटर झाला हें अहवालांत खुशाल छापावें. त्याच्या शेजारीं आणखी एक आंकडा छापला जावा अशी आमची सूचना आहे. न तुटतां, न उतरतां, कोणास वाट न विचारतां एका मुलीस घरापासून शाळेपर्यंत जातां येईल असा मार्ग शहरांत किती आहे, तो आंकडा. तो लहान असेल. पण वाढवावयाचा तो तोच.