मुसीचा महापूर आणि मोकळ्या जागेचा धडा

समुद्रकांठच्या नगरांस तुफानाचें व भरतीचें भय असतें, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु समुद्रापासून शेंकडों मैल दूर, उंच पठारावर वसलेल्या नगरासही पाण्यापासून भय असूं शकेल, हा विचार सहसा मनांत येत नाहीं. अशा नगराची नित्याची तक्रार पाणी पुरत नाहीं हीच असते. वर्षाचे आठ महिने ज्याची वाट पाहावयाची, तेंच पाणी एका रात्रींत काळ होऊन दारांत उभें राहावें, असा हा विलक्षण विरोध आहे. दख्खनमध्यें त्याचें सर्वांत बोलकें उदाहरण म्हणजे हैदराबादेचा १९०८ सालचा महापूर होय. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यांत होता, त्यामुळें औरंगाबाद-परभणीकडील मराठी कुटुंबांची राजधानी तीच. आणि त्या संकटावर उपाय सुचविणारा इंजिनियरही पुण्यास शिकलेला व मुंबई इलाख्यांत नांवारूपास आलेला. तेव्हां ही कथा आपणांस परकी नाहीं.

मुहम्मद कुली कुतुबशहानें १५९१ सालीं मुसी नदीच्या तीरीं हें नगर वसविलें. नदी पावसाळ्यांत भरून वाहणारी व उन्हाळ्यांत आटणारी. अशा प्रदेशांत टिकून राहण्याचा मार्ग लोकांनीं फार पूर्वींच शोधून काढला होता, तो म्हणजे तलाव. हुसेनसागर तर नगराच्याही आधींचा. वरच्या खोऱ्यांत गांवोगांव मातीचे बांध घालून तळीं केलेलीं होतीं. एका तळ्याचें सांडलेलें पाणी खालच्या तळ्यांत जावें, अशी ती योजना. मुसीच्या ८६२ चौरस मैलांच्या पाणलोटांत अशीं ७८८ तळीं होतीं, म्हणजे जवळजवळ दर चौरस मैलास एक! अवर्षणाशीं झुंजण्याची याहून मोठी तयारी कोणती असूं शकेल?

परंतु एका संकटाकरितां केलेली तयारी दुसऱ्या संकटांत उलटते, हेंही येथेंच दिसून आलें. १९०८ च्या सप्टेंबरअखेर या खोऱ्यावर असा पाऊस कोसळला कीं, शमशाबाद येथें चोवीस तासांत १२.८ इंच व अठ्ठेचाळीस तासांत १८.९ इंच पाणी मोजलें गेलें. वरचें तळें फुटलें म्हणजे त्याचा लोंढा खालच्या तळ्यावर आदळे. तेंही फुटे, आणि दोहोंचें पाणी तिसऱ्यावर जाई. अशीं २२१ तळीं फुटलीं. पानशेतचें धरण फुटून त्यापाठोपाठ खडकवासल्याचेंही फुटलें, तो १२ जुलै १९६१ चा दिवस ज्या पुणेकरांच्या घरांत अजून आठवला जातो, त्यांस या सांखळीचा अर्थ निराळा सांगावयास नको. २८ सप्टेंबर रोजीं मुसीनें नगराचा मध्यभाग धुऊन नेला. सुमारें पंधरा हजार माणसें दगावलीं असा सर्वसाधारण अंदाज आहे. पूल वाहून गेले. अफझलगंजच्या इस्पितळाच्या आवारांतील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारें दीडशें लोक वांचले असें सांगतात. तें झाड पुढें नगराच्या स्मृतीचा एक भाग झालें. उर्दू कवि अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व मुलगी तिघीही त्यांच्यादेखत गेल्या. आंकड्यांनीं जें कळत नाहीं तें अशा एका घराच्या हकीकतीनें कळतें.

निजाम सरकारनें या कामीं मोक्षगुंडम् विश्वेश्वरय्या यांस पाचारण केलें. ते १९०९ च्या एप्रिलांत हैदराबादेस आले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस म्हैसूरच्या सेवेंत गेले. परंतु तेवढ्या अवधींत त्यांनीं जी योजना आंखिली, तिनें नगराचें पुढील शतक घडविलें. शहरांत नदीच्या दोन्ही कांठांस भिंती उंचावण्याचें काम त्या योजनेंत होतेंच; मात्र तिचा गाभा भिंतींत नव्हता. पाणी शहरांत आल्यावर त्याच्याशीं झगडण्यापेक्षां, शहराच्या वरच त्यास थांबण्यास जागा द्यावी, आणि नदीच्या पात्रास सोसवेल तेवढेंच पुढें सोडावें, असें तें तत्त्व होतें. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर १९२० सालीं व तिची उपनदी इसी हिजवर हिमायतसागर १९२७ सालीं पुरा झाला. इकडे १९१२ सालीं स्थापन झालेल्या नगरसुधारणा मंडळानें नदीकांठची सुधारणा हातीं घेतली.

येथें एक गोष्ट नीट ध्यानांत घेतली पाहिजे. याच दोन जलाशयांकडे शहरास पिण्याचें पाणी पुरविण्याचेंही काम आलें. आतां पिण्याच्या पाण्याचा तलाव भरलेला असावा लागतो, तर पूर अडविणाऱ्या तलावांत जागा रिकामी असावी लागते. एकाच पात्राकडून या दोन परस्परविरुद्ध अपेक्षा करावयाच्या, तर कांहीं जागा जाणूनबुजून मोकळी ठेवण्याचा संयम वर्षानुवर्षें पाळावा लागतो. ज्या वर्षीं पूर येत नाहीं, त्या वर्षीं ही मोकळी जागा व्यवहारी माणसास निव्वळ उधळपट्टी वाटते. धरण बांधणें एका पिढीचें काम असतें. मोकळ्या जागेची राखण मात्र प्रत्येक पिढीस नव्यानें करावी लागते.

हैदराबादेच्या पुढील इतिहासांत हा संयम हळूहळू ढळत गेलेला दिसतो. धरणांनीं भय गेलें, आणि भयाबरोबर आठवणही गेली. शहर वाढलें, जुन्या तळ्यांच्या पोटांत व ओढ्यांच्या कांठीं घरें उभीं राहिलीं. १९९६ सालच्या १११ क्रमांकाच्या शासकीय आदेशानें दोन्ही जलाशयांभोंवतालच्या ८४ गांवांत बांधकामावर निर्बंध घातले होते. ते उठविण्याचा आदेश २०२२ सालीं निघाला. मधल्या काळांत निसर्गानें सूचना दिली नाहीं असें नव्हे. ऑगस्ट २००० मध्यें शहरांत एका दिवसांत सुमारें २४ सेंटिमीटर पाऊस झाला. ऑक्टोबर २०२० मध्यें शहरांत सुमारें १९, तर जवळच्या घटकेसरास ३२ सेंटिमीटर पाऊस पडून वस्त्या बुडाल्या व कांहीं तळ्यांचे बांध फुटले. हा पाऊस खुद्द शहरावरच पडला होता. वरच्या बाजूचीं धरणें त्यास कशीं अडविणार?

शिवाय, पाऊसही पूर्वींचा राहिलेला नाहीं. हवेची उष्णता एका अंशानें वाढली म्हणजे ती सुमारें सात टक्के अधिक बाष्प धारण करूं शकते, हें पदार्थविज्ञान सांगतें. मध्य भारतांत अतिवृष्टीचे विस्तृत प्रसंग १९५० ते २०१५ या काळांत सुमारें तिपटीनें वाढले, असें संशोधकांस आढळून आलें आहे. विश्वेश्वरय्यांच्या पिढीनें झालेल्या पुराच्या मापावरून पुढील पुराचें माप ठरविलें. त्या काळीं तेंच शास्त्रशुद्ध होतें. आतां भूतकाळाची ती मोजपट्टीच तोकडी पडूं लागली आहे.

वाढत्या लोकवस्तीस घरें हवींत, मग पाण्याकरितां जमीन ओस ठेवणें कसें परवडेल, असा आक्षेप कोणी घेईल. आक्षेप खोटा नाहीं. परंतु पाण्याची जमीन माणसानें घेतली म्हणजे पाणी आपली जागा सोडून देत नाहीं, तें केवळ उशिरां परत येतें, आणि बहुधा ज्यांची घरें सर्वांत सखल भागीं व सर्वांत कच्चीं, त्यांच्याकडे प्रथम येतें. राज्यकर्त्यांनीं करावयाचें तें त्यांनीं करावेंच. पण जमिनीचा तुकडा विकत घेणारा प्रत्येक सुशिक्षित गृहस्थही या इतिहासाचा भागीदार आहे. शाळा, बाजार व रस्ता किती दूर आहे हें आपण आवर्जून विचारतों. या जागेवरून पूर्वीं पाणी कोठें जात असे, हाही एक प्रश्न त्यांत घालावयास हवा. हैदराबादेस, पुण्यास आणि पठारावरील कोणत्याही नगरास तो सारखाच लागू आहे.