इंजिनाची ऊब : बंबापासून फिरत्या घरापर्यंत

(पाटण येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



संयोजकांनी फोनवर विषय विचारला. मी म्हटलं, "इंजिनाची ऊब." पलीकडे जरा वेळ कुणी बोललंच नाही. मग हळूच विचारणा झाली, "सर, तुम्ही तत्त्वज्ञानाचे ना?" हो, तत्त्वज्ञानाचाच. आयुष्यभर मुलांना तर्कशास्त्र शिकवलं. पण एका जुन्या विद्यार्थ्यानं मला या विषयात ओढलं, आणि एकदा शिरल्यावर मला त्यात आपल्याच भागाचा शंभर वर्षांचा इतिहास दिसायला लागला. तो आज तुमच्यासमोर मांडतो.

हा विद्यार्थी आता पन्नाशीला आलाय. त्याचं गॅरेज आहे. २०२१ साली महाराष्ट्र सरकारनं कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून त्याच्या डोक्यात फिरत्या घराचं खूळ. एक जुनी मिनीबस घेतली, आत झोपायची जागा, ओटा, न्हाणी, सगळं केलं. आईवडिलांना लडाख दाखवायचं हा हट्ट. तिथल्या थंडीसाठी मागच्या भागात डिझेलवर चालणारा हीटर बसवला. तो पाणी तापवतो, ते पाणी भिंतीच्या कडेनं नळ्यांतून फिरतं आणि घर ऊबदार राहतं. एक दिवस माझ्याकडे आला नि म्हणाला, "सर, गाडी चालू असताना पुढं रेडिएटर उष्णता रस्त्यावर ओततोय, आणि मागं मी ऊब मिळवायला वेगळं डिझेल जाळतोय. हे तर्काला धरून आहे का?"

प्रश्न बरोबर होता. डिझेल इंजिनात जेवढी उष्णता निर्माण होते, तिच्यातला ढोबळमानानं एक तृतीयांश भाग चाकाला मिळतो. साधारण तेवढाच धुराबरोबर सायलेन्सरमधून जातो. उरलेला बराचसा भाग इंजिनाभोवती फिरणारं पाणी घेऊन जातं आणि रेडिएटरमधून हवेत सोडतं. अशा छोट्या घराला ऊब द्यायला चारपाच किलोवॅट पुरतात. हमरस्त्यावर धावणारं इंजिन त्याच्या कितीतरी पट उष्णता नुसती पाण्यावाटे टाकून देत असतं.

आता ही उष्णता इंजिन टाकतं का? करणाऱ्याचा हलगर्जीपणा म्हणून? याचं उत्तर २०० वर्षांपूर्वी सादी कार्नो नावाच्या एका फ्रेंच तरुणानं दिलं. १८२४ साली, वयाच्या २८ व्या वर्षी, त्यानं एक छोटं पुस्तक लिहिलं. त्यात तो म्हणतो की उष्णता गरम जागेकडून थंड जागेकडे जाते तेव्हाच तिच्याकडून काम करून घेता येतं. उंचावरून पडणारं पाणी चाक फिरवतं, तसंच हे. पाटणकरांना हे समजावून सांगायची गरज नाही. कोयनेचं पाणी शिवसागरातून बोगद्यानं पोफळीला उतरतं, टर्बाइन फिरवतं आणि पुढं वाशिष्ठीला मिळतं. ते खाली गेलंच नाही तर वीज कुठली? कार्नोची एक चूक होती. त्याला वाटलं, पाण्यासारखीच सगळी उष्णता खाली जशीच्या तशी पोचते. पुढे जूल, क्लाउझिअस यांनी दाखवलं की तिच्यातला काही भाग कामात रूपांतरित होतो, उरलेली खाली जाते. पण मूळ मुद्दा टिकला. इंजिनाला काहीतरी टाकावंच लागतं. कार्नो बिचारा १८३२ मध्ये, ३६ व्या वर्षी कॉलऱ्यानं गेला. त्याचं म्हणणं जगाला कळायला पुढं बरीच वर्षं लागली.

म्हणजे टाकलेली उष्णता हा इंजिनाचा दोष नाही. ती 'वाया' गेली की नाही, हे ठरतं बाहेर तिला घ्यायला कुणी उभं आहे की नाही यावर. 'वाया' हा शब्द वस्तूचा गुण सांगत नाही, संबंध सांगतो.

आपल्याकडे हा संबंध लोकांनी फार लवकर जोडला होता. १९१० साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी औंध संस्थानात, आज सांगली जिल्ह्यात असलेल्या माळावर, किर्लोस्करवाडी वसवली. साताऱ्यात कूपरांचा कारखाना उभा राहिला आणि तिथं डिझेल इंजिनं बनायला लागली. १९४६ मध्ये पुण्याला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स निघाली. कृष्णा-कोयनेच्या काठानं ही इंजिनं बसली. हँडल मारायचं, डीकॉम्प्रेशनचा खटका पाडायचा, आणि टक-टक-टक सुरू. पंपानं उपसलेल्या पाण्यातली एक बारीक धार इंजिनाच्या अंगातून फिरवून त्याला थंड ठेवायची आणि पुढं पाटात सोडायची. ती धार बाहेर येताना गरम असायची. थंडीच्या दिवसांत आम्ही पोरं त्या धारेखाली अंघोळ करायचो. गडीमाणसंही करायची. कुणी त्याला शोध म्हटलं नाही. पाणी गरम होतं, अंग गार होतं, एवढंच.

त्याहून मोठं उदाहरण म्हणजे आपले साखर कारखाने. सांगली, कराड, आणि आपल्या मरळीचा दौलतनगरचा कारखाना बघा. बगॅस जाळून बॉयलरमध्ये वाफ करतात. ती वाफ आधी टर्बाइन फिरवते. तिथलं काम झालं की दमलेली वाफ फेकून देत नाहीत, तिच्यावर उसाचा रस उकळतात. रसातून जी वाफ निघते तिच्यावर पुढच्या भांड्यातला रस, त्याच्या वाफेवर त्याच्या पुढचा. प्रत्येक भांड्यात दाब आधीच्यापेक्षा कमी, म्हणून कमी तापमानालाही रस उकळतो. ही भांड्यांची रांग नॉर्बर्ट रिलिये या माणसानं १८४० च्या दशकात अमेरिकेत पेटंट केली. न्यू ऑर्लिन्समध्ये जन्मलेला हा कृष्णवर्णीय इंजिनिअर. गुलामांच्या हातून उघड्या कढयांमध्ये रस आटवला जायचा, भाजून निघायची माणसं. त्या काळात त्यानं हे यंत्र दिलं.

आता इथं एक गोष्ट नीट बघा. वाफ आणि रस एकमेकांत मिसळतात का? नाही. मध्ये नळ्यांची भिंत असते. एका बाजूला वाफ, दुसऱ्या बाजूला रस. भिंत ओलांडून जाते ती फक्त उष्णता. यालाच हीट एक्स्चेंजर म्हणतात. आणि हे यंत्र तुमच्या माझ्या घरात होतं. सांगा कुठलं? (श्रोत्यांतून: "बंब!") बरोबर, बंब! तांब्याचा बंब. मधोमध नळी, तिच्यात ढलप्या नि गोवऱ्यांचा विस्तव, भोवती पाणी. धूर नळीतून वर जायचा, पाण्याला ऊब मिळायची. अंघोळीच्या पाण्याला धुराचा वास लागला की आजी म्हणायची, नळी झिजली, कल्हईवाला नाहीतर तांबट बघा. भिंत फुटली हे तिला वासावरून कळायचं.

मोटारीच्या इतिहासात हीच भिंत फार महत्त्वाची ठरली. थंड देशांत सुरुवातीला लोक मोटारीत घोंगड्या पांघरून बसत. मग लक्षात आलं, सायलेन्सरचा पाइप तर लालबुंद होतो, त्याच्यावरून हवा आत घेऊ. फोर्डच्या मॉडेल ए गाडीला असा हीटर मिळायचा. एक्झॉस्टच्या तोंडाशी पत्र्याचं आवरण, त्यातून गरम हवा आत. स्वस्त आणि सोपं. पण मधला पत्रा किंवा गॅस्केट गळलं की हवेबरोबर धूरही आत. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. माणसाला झोप येते आणि तो झोपतो. आपल्याकडेही दर थंडीत बातमी येते की दारं-खिडक्या लावून शेगडी पेटवली आणि सकाळी कुणी उठलंच नाही. तोच वायू. १९३० च्या आसपास इंजिनाच्या गरम पाण्यावरचे हीटर गाड्यांत आले आणि हळूहळू तीच रीत झाली. फोक्सवॅगनच्या गाड्यांची इंजिनं तेव्हा हवेनं थंड होणारी, त्यांना पाणीच नव्हतं. म्हणून १९५१ पासून वेस्टफालियानं सजवलेल्या त्यांच्या प्रसिद्ध फिरत्या घरांतही ऊब एक्झॉस्टभोवतीच्या आवरणातूनच यायची. आवरण गंजलं की धोका उभा.

हे सगळं मी वाचून सांगतोय असं तुम्हांला वाटेल. पण हा धडा मी सतराव्या वर्षी शिकलो, आणि इथंच शिकलो.

११ डिसेंबर १९६७. इथं बसलेल्या ज्येष्ठांना तारीख सांगायला नको. पहाटे सव्वाचारच्या सुमाराला कोयनेचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसं गेली. घरं पडली होती, जी उभी होती त्यांच्यात पाऊल टाकायचा धीर नव्हता, कारण धक्के थांबत नव्हते. कित्येक रात्री आम्ही शेतात, पेंढ्यावर काढल्या. डिसेंबरची थंडी, नदीकाठचं दव. माझी आजी ऐंशीच्या घरातली. तिचे पाय बर्फासारखे गार पडलेले.

सामान घेऊन आलेला एक ट्रक रात्री आमच्याजवळ थांबला. ड्रायव्हर घाटावरचाच होता, नाव आम्ही विचारलंच नाही. इंजिन नुकतंच बंद झालेलं, बॉनेट गरम. आम्ही पोरं जाऊन चिकटलो. कुणीतरी मोठ्या माणसानं सुचवलं की मागच्या हौद्यावर ताडपत्री ओढू, म्हाताऱ्यांना नि बाळंतिणींना आत घेऊ, इंजिन चालू ठेवू आणि सायलेन्सरची ऊब ताडपत्रीखाली येऊ देऊ. ड्रायव्हर ताडकन उठला. म्हणाला, "धुरानं मरतील सगळी. मी बघितलंय." काय बघितलंय ते त्यानं सांगितलं नाही.

मग त्यानं रेडिएटरखालची तोटी सोडली. तांबूस, गंजट, कढत पाणी. आमच्याकडे प्रवासाचा फिरकीचा तांब्या होता, पितळेचा. त्यात भरलं, फिरकी घट्ट लावली, लुगड्याच्या फडक्यात गुंडाळलं आणि आजीच्या पायाशी ठेवलं. ते पाणी पिण्याजोगं नव्हतं, हातावर घेण्याजोगंही नव्हतं. पण पितळेच्या भिंतीतून ऊब आली, गंज आला नाही. पाचसहा घरांची भांडी भरली. पहाटे त्यानं नदीवरून बादल्या आणून रेडिएटर पुन्हा भरला आणि तो पुढं गेला. आजी त्यानंतर सहा वर्षं जगली.

आता माझ्या विद्यार्थ्याकडे परत येतो. त्याला एका कारागिरानं तोच जुना सल्ला दिला होता की सायलेन्सरला पत्र्याचं आवरण घाल, पंखा लाव, पाच हजारांत काम. मी त्याला तांब्याची गोष्ट सांगितली. मग तो म्हणाला, ठीक, इंजिनाचंच पाणी मागच्या नळ्यांत फिरवतो. तेही मला पटलं नाही, आणि त्याच्याच धंद्यातल्या जाणकारांनाही पटलं नाही. मागं घरात एक जोड गळला तर पुढं इंजिन कोरडं पडणार, तेही एखाद्या खिंडीत. इंजिनाचं पाणी दाबाखाली असतं, घराचं बहुधा नसतं. दोन्हींतली रसायनंही वेगळी.

शेवटी त्यानं मध्ये प्लेट हीट एक्स्चेंजर बसवला. वीटभर आकाराचा, पोलादी पातळ पत्रे एकावर एक. एका आड एक फटीतून इंजिनाचं पाणी, उरलेल्या फटींतून घराचं. इंजिनाकडून केबिन-हीटरला जाणाऱ्या होजमध्ये तो जोडला, कारण त्या वाटेनं पाणी थर्मोस्टॅट उघडायच्या आधीही फिरतं. उन्हाळ्यात बंद करता यावं म्हणून कॉक ठेवले. लांब होजला गुंडाळी केली, नाहीतर मागं पोचेपर्यंत ऊब रस्त्यातच संपते. अंघोळीचं पाणी तिसऱ्या, वेगळ्या टाकीत. अँटीफ्रीझ विषारी असतं, म्हणून तिथंही भिंत. नळ्यांत अडकलेली हवा काढायलाच त्याचे दोन दिवस गेले. गाडी तासभर चालली की आता घर गरम होतं, मागचा हीटर पेटवावा लागत नाही.

गंमत पुढं आहे. भिंत दोन्हीकडून चालते. रात्री मुक्कामाला मागचा हीटर चालू असतो. पहाटे त्यानं इंजिनाच्या बाजूचा छोटा विजेचा पंप चालू केला की घराची ऊब उलट इंजिनाला जाते, आणि गारठलेलं इंजिन सहज सुरू होतं. दिवसा इंजिन घराला देतं, पहाटे घर इंजिनाला. एक मर्यादा मात्र मी त्याच्याकडून वदवून घेतली. मुक्कामात फक्त ऊब हवी म्हणून इंजिन चालू ठेवायचं नाही. डिझेल जाईल, धूर होईल, शेजारच्या तंबूत कुणी झोपलेलं असेल. इंजिन आपल्या कामासाठी चालू असतं तेव्हा ते जे टाकतं, तेवढ्यावर आपला हक्क.

मला या इतिहासातून एवढंच सांगायचंय. दुसऱ्याच्या टाकाऊतून आपल्याला उपयोगी ते घेता येतं, पण मध्ये भिंत हवी, आणि ती कुठं झिजली हे वासावरून ओळखणारं माणूस घरात हवं. आजीला बंबाबद्दल ते कळत होतं. त्या ड्रायव्हरला कळत होतं. माझ्या विद्यार्थ्यानं गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावलाय, कारण त्या वायूला वास नसतो. तिथं आजीचं नाकही कामाचं नव्हतं.

परवा त्याच्या घरी गेलो तर गाडीत गॅसच्या ओट्याशेजारी एक फिरकीचा तांब्या ठेवलेला दिसला. विचारलं, हा कशाला? म्हणाला, "असू द्या सर. सगळं बंद पडलं तर."